पाठ फिरवलेलं अस्वल

अलास्कातल्या ओटर पॉइंटमध्ये पिस्तूल घ्यायचं तर वेंडेल ओस्बीला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, अशी रीतच पडून गेली होती. गावात हार्डवेअरचं दुकान एकच. पुढे खिळे, दोर, रबरी बूट, रंगाचे डबे आणि मागच्या भिंतीशी कमरेएवढ्या उंचीचं काचेचं लांबलचक कपाट, त्यात बंदुका. मे महिन्यात नद्या बर्फातून मोकळ्या झाल्या की अस्वलं उठत, आणि अस्वलं उठली की गिऱ्हाईकं उठत. कुणी मासेमारीला निघालेलं, कुणी जमिनीची मोजणी करायला, कुणी नुसतंच हौसेने रानात तंबू ठोकायला. सगळ्यांचा प्रश्न एकच, आणि वेंडेलचं उत्तरही एकच. तो कपाटाचं कुलूप काढायचा, चव्वेचाळीस कॅलिबरचं ते भलंमोठं रिव्हॉल्व्हर बाहेर घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा.

“जड आहे हो,” गिऱ्हाईक म्हणायचं.

“अस्वलही जडच असतं,” वेंडेल म्हणायचा.

यावर स्टोव्हजवळच्या खुर्च्यांवरून हशा पिकायचा. तिथे दुकानाची फुकट कॉफी ढोसत बसणारी कायमची मंडळी होती. त्यात एनार हा म्हातारा मच्छीमार, आवाजाने सगळ्यात मोठा. मिलो हा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा पायलट, बोलायला सगळ्यात कमी. आणखी दोघे-तिघे असेच. गिऱ्हाईक नवखं असलं की एनार हमखास म्हणायचा, “वेंडेल, ते तुझं अस्वल सांग की याला!” मग वेंडेल आधी नको नको करायचा आणि मग सांगायचा. झुडपांतून ते कसं सुसाट आलं, बारा फुटांवर असताना त्याने कसा नेम धरला आणि एका गोळीत ते त्याच्या बुटांपाशी कसं कोसळलं. गिऱ्हाईक रिव्हॉल्व्हर घेऊनच जायचं.

ही गोष्ट खोटी होती. सगळी नाही, पण जिथे महत्त्वाची होती तिथे खोटी होती.

सतरा वर्षांपूर्वी वेंडेल याच दुकानात रंग कालवायचा. सप्टेंबरात सुट्टी काढून एकटाच ओढ्यावर मासे धरायला गेला होता. छातीवर होल्स्टर, होल्स्टरमध्ये नवंकोरं चव्वेचाळीस. ओढ्यापलीकडची झुडपं हलली आणि अस्वल बाहेर आलं. मागच्या पायांवर उभं राहिलं, नाक वर करून वास घेतला, त्याच्याकडे बघत राहिलं. वेंडेलचा हात रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. हात हलेना. ओरडायचं असतं हे माहीत होतं, पण तोंडातून आवाज निघेना. किती वेळ गेला कोण जाणे. अस्वलाचं कुतूहल संपलं. ते चार पायांवर आलं, वळलं आणि आलं तसं झुडपांकडे चालायला लागलं. त्याने पाठ फिरवली आणि वेंडेलचा हात सुटला. गोळी शेपटीजवळून आत गेली. ते ओरडत तीसेक पावलं पळालं, पडलं, परत उठलं. मग वेंडेलने उरलेल्या गोळ्या झाडल्या, त्यातली एक कुठेतरी लागली. मरायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ वेंडेल तिथे उभा होता.

अलास्कात कायदा असा, की जीव वाचवायला अस्वल मारलंत तर कातडं नखांसकट सोलून आणि कवटी काढून सरकारजमा करायची, वर अर्ज भरून द्यायचा. अस्वल तुमचं होत नाही. वेंडेलने तिथेच गुडघ्यांवर बसून संध्याकाळपर्यंत कातडं सोललं. शेपटीजवळचं भोक सुरीने मोठं करावं, फाटल्यासारखं दाखवावं, असं दोनदा मनात आलं. धीर झाला नाही. अर्जात अंतराचा रकाना होता, तिथे त्याने बारा फूट लिहिलं. अस्वल कुठल्या बाजूने आलं, तिथे समोरून लिहिलं. शिकारखात्याच्या केसलरने शेडच्या जमिनीवर कातडं उलगडलं, वाकून बघितलं, शेपटीजवळ बोट ठेवलं आणि वेंडेलकडे पाहिलं.

“ठीक आहे, वेंडेल,” तो म्हणाला आणि त्याने कातडं गुंडाळलं.

पुढच्या वर्षी केसलरची बदली झाली. पण तोवर गावात बातमी झाली होती, दुकानाच्या मालकाने वेंडेलची पाठ थोपटली होती आणि रंगाच्या डब्यांकडून त्याला थेट बंदुकांच्या कपाटामागे आणून उभं केलं होतं. पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा त्याचे कान तापले होते. पुढे सवय झाली. कान मात्र तापायचेच. त्याची बायको लोरेन ही गोष्ट सुरू झाली की उठून भांडी घासायला जायची. भांडी नसली तरी जायची.

सतरा वर्षांनंतर, मेच्या शेवटी एका शुक्रवारी, मॅट्रोना दुकानात आली. सगळे तिला मॅटी म्हणत. वय तेवीस, अंगकाठी किरकोळ, चालणं भराभर. तिचे वडील इनोकेंटी दोन वर्षांपूर्वी बोटीसकट गेले. तेही वेंडेलच्या कॉफीच्या मंडळींतलेच.

“वेंडेलकाका, मला पिस्तूल पाहिजे,” ती म्हणाली. “उन्हाळाभर वरच्या नदीवर मासे मोजायची नोकरी लागलीय. नदीत आडवं कुंपण आहे ना, त्यातून सॅमन मासे वर जातात ते मोजायचे.”

“एकटी?”

“आम्ही दोघी. दुसरी शहरातली आहे. तिने बंदूक फक्त सिनेमात बघितलीय.”

“आणि अस्वलं त्याच कुंपणावर जेवायला येतात,” एनार खुर्चीतून म्हणाला. “पंगतच असते त्यांची!”

“म्हणून तर आले.” तिने कपाटात वाकून पाहिलं आणि दहा मिलिमीटरच्या एका पिस्तुलावर बोट ठेवलं. “हे कसं आहे? मैत्रिणीचं चालवून पाहिलंय मी. हाताला बसतं.”

ते पिस्तूल चांगलं होतं. पंधरा गोळ्या, झटका बेताचा. वेंडेलला ते माहीत होतं. तो तसं म्हणणारही होता. पण एनार आधी बोलला.

“अगं, अस्वलाला गुदगुल्या करायच्यात का तुला? वेंडेल, तुझं अस्वल सांग हिला!”

मॅटी त्याच्याकडे बघत होती. इनोकेंटीचे डोळे जसेच्या तसे. वेंडेलने सांगितलं. सुसाट आलं, बारा फूट, एक गोळी. सांगून होईपर्यंत तिची नजर त्या छोट्या पिस्तुलावरून निघून मोठ्या रिव्हॉल्व्हरवर गेली होती.

“बाबा म्हणायचे, बंदुकीचं काही असलं तर वेंडेलला विचार,” ती म्हणाली. “तुम्ही उभे राहिलात ना त्याच्यासमोर, तर मला तेच द्या.”

त्याने तेच दिलं.

सोमवारी त्याने तिला गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेलं. हा त्याचा रिवाज नव्हता. इथली माणसं रिव्हॉल्व्हर घेतात, एकदा सहा गोळ्या डब्यांवर झाडतात आणि वर्षभर छातीवर बांधून फिरतात. पण तिचं मनगट त्याला राहून राहून आठवत होतं. त्याने वीस पावलांवर कागदी ताट टांगलं. मॅटीने पाय रोवले, दोन्ही हात लांब केले आणि चाप ओढला. आवाज खाणीत घुमला, रिव्हॉल्व्हर उसळून मागे आलं आणि नळीचं टोक तिच्या कपाळावर आदळलं. भुवईच्या वर चीर पडली, रक्त डोळ्यात आलं.

“बस, पोरी, बस झालं,” वेंडेल म्हणाला आणि रुमाल काढून पुढे झाला.

“काही नाही झालं.” तिने बाहीने रक्त पुसलं. “पहिलीच वेळ आहे. येईल.”

दुसऱ्या गोळीला तिने चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. तिसऱ्याला नळी जमिनीकडे गेली आणि खडी उडाली. ताटाला एकही भोक पडलं नव्हतं. ही पोर या रिव्हॉल्व्हरने मरणार, वेंडेलला स्वच्छ दिसलं. अस्वल समोर आलं की ही डोळे मिटणार.

“मॅटी, ते दुसरं घे. दहाचं. मी बदलून देतो.”

“नको.”

“अगं, ते तुझ्या हाताला बसतं. सोबत मिरचीचा फवारा देतो, तो कमरेला...”

“काका, तुम्हाला याचीच एक गोळी पुरली ना? मग मला का ते खेळणं देता? मी मुलगी आहे म्हणून?” तिचे डोळे भरले होते, रक्ताने की रागाने ते कळत नव्हतं. “मी शिकेन. गुरुवारी निघायचंय, अजून तीन दिवस आहेत.”

खरं बोलायला तेव्हा कुणाची अडकाठी नव्हती. आजूबाजूला ना एनार, ना हशा, ना गिऱ्हाईक. एक वाक्य बोलायचं होतं. वेंडेलने ताट उतरवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि तिला घरी सोडलं. वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. या गोष्टीची लाज त्याला पुढे अस्वलापेक्षा जास्त वाटली.

रात्रीच्या जेवणाला माशाचं कालवण होतं. लोरेनने वाढलं आणि विचारलं, “त्या पोरीच्या कपाळाला काय झालं? किराणा दुकानात दिसली मला.”

वेंडेलने सांगितलं.

“मग तिला ते हलकं दे ना.”

“घेत नाही.”

“का घेत नाही?”

तो पाव मोडत राहिला.

“का घेत नाही ते तुला ठाऊक आहे,” लोरेन म्हणाली. या खेपेला ती भांडी घासायला उठली नाही. समोर बसून राहिली आणि त्यालाच उठावं लागलं.

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी मॅटी काडतुसं घ्यायला आली. कपाळावर पट्टी, उजव्या मनगटाला दुसरी पट्टी. मंडळी स्टोव्हपाशी बसलेलीच होती. मिलोच तिला उद्या विमानाने वर सोडणार होता.

“आली बघा रणरागिणी!” एनार ओरडला. “काय गं, कुणी मारलं, अस्वलाने की रिव्हॉल्व्हरने?”

“हसा तुम्ही,” मॅटी म्हणाली. “काका, दोन डबे द्या काडतुसांचे.”

वेंडेलने डबे काढले, काचेवर ठेवले आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला. हात हलेना. सतरा वर्षांपूर्वी असाच हलला नव्हता.

“मॅटी, मी खोटं बोललो,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“अस्वल अंगावर आलं नव्हतं. उभं राहून माझ्याकडे बघत होतं, आणि मी गारठलो. हात मुठीवर होता, पण हलला नाही. मग ते वळलं आणि जायला लागलं. जात होतं गं ते. त्याने पाठ फिरवली तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली, का ते मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा हात सुटला. मी त्याला पाठीमागून मारलं, शेपटीजवळ. एका गोळीत मेलंही नाही. ही बंदूक मला समोरून चालवताच आली नाही. तुलाही येत नाहीय. माझ्या त्या गोष्टीपायी तू ही नेऊ नकोस, हात जोडतो.”

वेंडेलने वर पाहिलं नाही. आता मंडळी हसतील, किंवा उठून जातील, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हे त्याने गृहीत धरलं होतं. खुर्ची करकरली. एनारचा आवाज आला, पण नेहमीचा मोठा नव्हे.

“ते आम्हाला ठाऊक आहे रे, वेंडेल.”

“काय ठाऊक आहे?”

“शेपटीचं. केसलरच्या शेडमध्ये फ्रीजर कुठे होता? सरकारी लिलावापर्यंत कातडं मासळीच्या कारखान्यातल्या थंड खोलीत टांगलं होतं, आमच्या पेट्यांच्या मधोमध. सगळा हिवाळा आम्ही त्याच्या खालून ये-जा करत होतो. भोक काय दिसत नाही?”

“सतरा वर्षं?”

“तू सांगायचास छान,” एनार म्हणाला. “आणि तुला तोंडावर कसं म्हणायचं? आपलाच माणूस. वाईट वाटलं असतं तुला.”

वेंडेलला काच धरावी लागली. इतकी वर्षं तो यांच्यापासून लपवत होता, आणि हे त्याला झाकत होते. दर खेपेला ‘तुझं अस्वल सांग’ म्हणणारे हेच, आणि दर खेपेला हे समजून हसत होते. त्याला तोंड कुठे लपवावं कळेना.

“बाबांना ठाऊक होतं?” मॅटीने विचारलं.

मग मिलो म्हणाला, “कातडं ट्रकमधून उतरवायला इनोकेंटीच होता.”

मॅटीने एकेकाकडे पाहिलं. आधी एनारकडे, मग मिलोकडे, मग मागच्या दोघांकडे. कपाळावरच्या पट्टीवर लाल ठिपका आला होता.

“म्हणजे शुक्रवारी मी इथे उभी होते,” ती सावकाश म्हणाली, “आणि तुम्ही सगळे इथे बसला होतात. गोष्ट खोटी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि एनारकाका, तुम्हीच म्हणालात, सांग हिला. उद्या मिलोकाका मला विमानात बसवून सोडून आले असते. यांची अब्रू झाकायला माझी मान देणार होतात?”

“अगं तसं नाही...” एनार उठायला गेला.

“मग कसं?”

एनार खाली बसला. सत्तरीचा माणूस, समुद्राने ज्याची तीन बोटं नेली तरी ज्याचं तोंड बंद झालं नव्हतं, तो कपात बघत बसला. मिलोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एकालाही कॉफीचा घोट घेता येईना.

मॅटीने होल्स्टर सोडून रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. “दहाचं द्या. आणि तो फवारा. आणि काका, तुम्ही आता माझ्याबरोबर खाणीत चला. नेम मी बघते माझा. तुम्ही मला नीट सांगायचं. ते उभं होतं तेव्हा काय झालं, वळलं तेव्हा काय झालं. पहिल्यापासून. खरं.”

दुकान एनारवर सोपवून वेंडेल गेला. वीस पावलांवर तेच घडी घातलेलं ताट टांगलं. दुपारपर्यंत त्याला मध्ये भोकंच भोकं पडली होती. वेंडेल बोलत राहिला. मध्येच रडू आलं, तरी तिने थांबवलं नाही. “मग?” एवढंच विचारायची.

त्यानंतर दुकानात कुणी ‘तुझं अस्वल सांग’ म्हटलं नाही. मंडळी येत, पण पहिले काही दिवस गप्पा हवेच्या आणि माशांच्या भावाच्याच चालल्या. वेंडेल गिऱ्हाइकाला आधी खाणीत नेऊ लागला. मालकाने कुरकुर केली, तर रंगाच्या डब्यांकडे परत जायची तयारी आहे म्हणून वेंडेलने सांगून टाकलं. मालकाने विषय सोडला.

जुलैत मिलो वरून एक चिठ्ठी घेऊन आला. मॅटीला सामान हवं होतं. चिठ्ठी वेंडेलच्या नावाने होती, म्हणून त्याने ती काचेवर ठेवून मोठ्याने वाचली.

“बॅटऱ्या आठ. कॉफी दोन पाकिटं. डासांचं मलम, ते वास येणारं नको. दोराचं एक बंडल. मंगळवारी अस्वल आलं. कुंपणावर मी एकटी होते. वीस फुटांवर उभं राहिलं. मी ओरडले, आवाज फाटला, पण निघाला. पिस्तूल बाहेर काढलं होतं. मला पँटमध्येच झाली. मग ते वळलं आणि जायला लागलं, आणि तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं, काका. तेव्हा जास्त भीती वाटली. बोट चापावर गेलं होतं. तुमची आठवण झाली आणि बोट काढलं. ते गेलं. धुवायचा साबणही पाठवा.”

कुणी हसलं नाही. एनारने चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून स्वतः वाचली आणि परत दिली.

वेंडेल बॅटऱ्या मोजायला लागला. चारपर्यंत मोजल्या आणि विसरला. जे सांगायला त्याला सतरा वर्षं लागली होती, ते त्या पोरीने दोर आणि साबणाच्या मधल्या ओळीत लिहून टाकलं होतं. त्याने बॅटऱ्या परत मोजल्या, आठ झाल्या, आणि तो साबण आणायला पुढच्या बाजूला गेला.